चोराच्या वाटा



काल सायंकाळी या मंडपाच्या दाराशी असलेल्या फळ्यावर आमच्या नावापुढे 'विषय : थीफ' एवढेच लिहिलेले होते. ते वाचून एका गृहस्थांनी आम्हाला थांबवले आणि विचारले, "का हो, यंदा कोणत्या मालकाची पाळी?" आमची तीस वर्षे कामगार-संघटनेत गेली आहेत, तेव्हा त्यांचा तर्क वावगा नव्हता. परंतु आज मालकवर्गाला आमच्याकडून अभय आहे. आम्ही बोलणार आहोत ते 'थीफ' याच नावाच्या, संगणकावर खेळावयाच्या एका खेळमालेविषयी. तिचे मुख्य भाग चार. पहिला १९९८ साली निघाला, दुसरा २००० साली, तिसरा २००४ साली आणि चौथा २०१४ साली. ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व काही बोलले गेले, तेथे पोरासोरांच्या खेळाविषयी बोलावे हे कित्येकांना रुचणार नाही. त्यांना आमची एवढीच विनंती की, पहिली दहा मिनिटे बसावे आणि मग उठावयाचे झाल्यास पाय न वाजविता उठावे. पाय न वाजविणे हाच आजचा विषय आहे.

आमचे शिक्षण नववीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या स्थायी आदेशांवरून, कामगार न्यायालयाच्या निकालपत्रांवरून, आणि खोटे कशाला बोला, थोडेसे या खेळावरून. २००१ साली आमच्या संघटनेची कचेरी एका सायबर कॅफेच्या माडीवर होती. रात्री सभा आटोपून खाली उतरावे, तो एक पोरगा कोपऱ्यातल्या जुन्या संगणकापुढे, कानांना हेडफोन लावून, श्वास रोखून बसलेला दिसे. पडद्यावर तर काळोखाखेरीज काही दिसत नसे. एके दिवशी आम्ही विचारले, "बाबा, तू करतोस तरी काय?" तो म्हणाला, "काका, वॉचमन जायची वाट बघतोय."

आता मौज पाहा. आमची संघटना वॉचमन लोकांची! महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यातून मंडळे आली आणि त्या मंडळांच्या पायऱ्या झिजवण्यात आमचे तारुण्य गेले. रात्रभर उभ्या राहणाऱ्या माणसाला बसायला स्टूल मिळावे म्हणून आम्ही भांडलो आहोत. आणि येथे हा पोरगा वॉचमनची पाठ फिरली की आत शिरण्याचे शास्त्र शिकत होता. आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची ओढली ती रागाने. उठलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

हा खेळ घडविला तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स संस्थानातील केंब्रिज या गावी, लुकिंग ग्लास स्टुडिओज नावाच्या कार्यशाळेत. त्या काळी डोळ्यांच्या उंचीवरून पाहावयाचे खेळ म्हणजे बहुधा बंदुकीचे खेळ. 'डूम' १९९३ साली आला, 'क्वेक' १९९६ साली. पुढे दिसेल त्याला गोळी घालावी, दार उघडावे आणि पुढल्याला घालावी. 'थीफ'च्या कारागिरांनी ही सगळी मांडणी उलटी केली. यातला नायक गॅरेट हा एका नाव नसलेल्या शहरातला चोर. ते शहर 'द सिटी' एवढ्याच नावाने ओळखले जाते. गॅरेटजवळ तलवार आहे, परंतु समोरासमोर दोन पहारेकरी आले तर त्याची धडगत नाही. त्याचे खरे बळ काळोखात. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. आपण उजेडात असलो की तो उजळतो आणि काळोखात गेलो की काळवंडतो. पहारेकऱ्याला आपण किती दिसत आहोत हे त्या मण्यावरून ओळखावयाचे.

त्याहूनही मोठी गोष्ट आवाजाची. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, दगडावर वाजते, फरशीवर अधिक वाजते आणि लोखंडी पत्र्यावर तर दवंडी पिटल्यासारखे होते. आवाज भिंतीच्या आरपार सरळ जात नाही. तो दारातून, बोळांतून, वळणे घेत घेत जातो. कारागिरांनी त्याच्या वाटांची गणितेच बसविलेली होती. तेव्हा पहारेकरी कोठे आहे हे पाहावयाचे नसते, तर ऐकावयाचे असते. चोराच्या भात्यात बाणही आहेत, पण ते तऱ्हेवाईक. पाण्याचा बाण मारला की मशाल विझते. शेवाळाचा बाण मारला की वाजणारी फरशी मऊ होते. दोराचा बाण लाकडी तुळईत रुतला की त्याचा दोर खाली लोंबतो. जेथे लाकूड तेथे वाट, एवढा एकच नियम सांगून कारागीर बाजूला होतात आणि शहाणपण तुमच्यावर सोडतात.

आणि ते पहारेकरी! पहिल्याच चोरीत लॉर्ड बॅफर्ड नावाच्या उमरावाच्या वाड्याबाहेर दोघे जण अस्वलांच्या झुंजीविषयी गप्पा मारीत उभे असतात. त्यांना काही संशय आला तर "कोण आहे?" म्हणून ते शोधतात. मग काही सापडले नाही की स्वतःशीच पुटपुटत पुन्हा आपल्या फेरीला लागतात. आम्ही हे पाहिले आणि पोटात कालवले. रात्री तीन वाजता स्वतःशी बोलत फेरी घालणारा माणूस आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत.

परंतु आमचा राग ज्याने उतरला ती गोष्ट निराळीच. या खेळाच्या तीन पायऱ्या आहेत, सोपी, अवघड आणि तज्ज्ञाची. दुसऱ्या खेळांत पायरी चढली की शत्रू चिवट होतो. येथे पायरी चढली की खेळणाऱ्यावरच बंधने येतात. माल अधिक लुटावयाचा, आणि जेथे पहारेकरी माणसे आहेत तेथे तज्ज्ञाच्या पायरीवर एकाही माणसाचा जीव घ्यावयाचा नाही. कोणाला मारले की डाव हरला! जो खरा कसबी आहे त्याला वॉचमनचे रक्त सांडावे लागत नाही, असा निर्णय एका चोरीच्या खेळाने दिलेला पाहून आम्ही थक्क झालो. आमच्या न्यायालयांनी वॉचमनविषयी इतका विचार नेहमीच केला आहे, असे म्हणवत नाही.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे, म्हणून एक प्रकरण सांगतो. नावे सांगणार नाही. आमच्या एका सभासदाच्या पाळीत गोदामातून माल गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात आरोपपत्र पडले, तुझ्या केबिनपासून चाळीस पावलांवर कुलूप तोडले गेले आणि तुला ऐकू आले नाही, दिसले नाही, तेव्हा तू सामील आहेस. चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो. खरे सांगायचे तर आमच्या मनातही पाल चुकचुकली होती. पण एका रात्री आम्ही त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, आणि बसताक्षणी आम्हाला तो मणी आठवला. केबिनमध्ये डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट आणि बाहेर आवारात काळोख. उजेडात बसलेल्याला बाहेरचे काय दिसणार? डोळा काळोखाला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. बाहेरच्याला मात्र आतला माणूस आरशासारखा दिसतो. केबिनच्या पाठीशी जनरेटरची घरघर आणि गोदामापुढे नुकत्याच घातलेल्या रबरी चटया. आम्ही एका पोऱ्याला बूट घालून त्या चटयांवरून पळायला लावले. काही एक ऐकू आले नाही. चौकशी अधिकाऱ्याला आम्ही म्हटले, साहेब, रात्री येऊन पाच मिनिटे त्या खुर्चीवर बसा. ते आले आणि बसले. आमच्या माणसाची नोकरी राहिली. आठ महिन्यांचा पगार मात्र गेला तो गेलाच. ही युक्ती आम्हाला कोठून सुचली हे आम्ही त्या वेळी कोणालाच सांगितले नाही. चोरीच्या खेळातून सुचली म्हणालो असतो, तर आरोपपत्र आमच्यावरच आले असते.

असो. पहिल्या भागात दोषही आहेत. निम्म्याअधिक वाटेवर माणसांच्या घरांऐवजी थडगी, भुयारे, चालती मढी आणि नाना तऱ्हेचे राक्षस येतात. त्यांच्या तावडीतून सुटताना चोरीचे कसब कमी आणि धावाधाव जास्त. १९९९ साली 'थीफ गोल्ड' या नावाने हाच भाग तीन नव्या प्रकरणांसह निघाला आणि मूळ बाराची पंधरा प्रकरणे झाली. आमच्या मते त्या तिहींनी लांबी वाढविली, गोडी फारशी वाढविली नाही.

दुसरा भाग 'द मेटल एज', म्हणजे धातुयुग. चोरी म्हणून पाहाल तर चारही भागांत हाच श्रेष्ठ. भुतेखेते मागे हटली आणि घरे, गोदामे, पेढी, पोलीसठाणे पुढे आले. यातली दुसरीच चोरी बंदरावरच्या गोदामात आहे, आणि तिचे कारण काय? तर घरभाडे थकले आहे! एका प्रकरणात तर रात्रभर छपरांवरून, खिडक्यांतून, लोकांच्या माजघरांतून वाट काढीत एका उंच मनोऱ्यापर्यंत जावयाचे असते. कोणत्या छपरावरून कोणत्या छपरावर जावे हे कोणी सांगत नाही. गिरणगावातल्या चाळींच्या गच्च्यांवरून ज्यांचे लहानपण गेले त्यांना तो आनंद वेगळा सांगावा लागणार नाही.

परंतु आम्हाला या भागाविषयी बोलावयाचे आहे ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्या भागात हॅमराइट नावाचा एक पंथ आहे. हातोडा हे त्यांचे दैवत-चिन्ह, आणि बांधकाम, शिस्त व शिक्षा हा त्यांचा धर्म. दुसऱ्या भागात त्यांच्यातून कॅरस नावाचा एक कारागीर फुटून निघतो आणि 'मेकॅनिस्ट' पंथ काढतो. त्याने शहरात यंत्रे आणली. पहाऱ्याला वाफेवर चालणारे लोखंडी पुतळे आले, भिंतीवर मान फिरवणारे यांत्रिक डोळे आले, मशालीच्या जागी पाण्याने न विझणारे विजेचे दिवे आले. पुतळ्याच्या पाठीमागच्या भट्टीत पाण्याचा बाण मारला की तो थंड होतो. वॉचमनची जागा यंत्राने घेतली की काय होते याचे हे चित्र २००० सालचे आहे. आमच्या कित्येक सभासदांच्या जागी कॅमेरे बसले ते त्यानंतर.

पण त्याहून भयंकर पुढेच आहे. कॅरस शहरातल्या धनिकांना फुकट नोकर भेट देतो. त्या नोकरांच्या तोंडावर धातूचे मुखवटे असतात. ते पगार मागत नाहीत, थकत नाहीत, उलट बोलत नाहीत. हे नोकर कोण? तर रस्त्यावरची माणसे. शहराचा पोलीसप्रमुख ट्रुअर्ट हा ज्यांची कोणी विचारपूस करणार नाही अशी माणसे पकडून कॅरसला पुरवतो. मुखवटा चढला की माणूस संपला आणि काम उरले. त्या मुखवट्यांत एक गंज पसरविणारा वायू भरलेला आहे. कॅरसने इशारा दिला की तो बाहेर पडावयाचा आणि जे जे सजीव आहे त्याचा चुरा करावयाचा. ज्यांनी फुकटचे नोकर घरात घेतले, त्यांचेच बागबगीचे आणि त्यांचेच प्राण त्या फुकटेपणाने जावयाचे!

आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा वाटले की, ठेकेदारीवर याहून चांगले भाषण आम्ही गेटवर कधी केलेले नाही. कंत्राटी माणूस स्वस्त का पडतो, तर त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. पण मग शेवट येतो. गॅरेट युक्ती करतो. तो इशाऱ्याची दिशा फिरवतो आणि शहरभर पसरलेले मुखवटाधारी नोकर कॅरसच्याच कारखान्याकडे चालू लागतात. मग दारे बंद करून वायू आतच कोंडला जातो, आणि कॅरस आपल्याच गंजात मरतो. शहर वाचले. आणि ते नोकर? ते आत होते. त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. व्हिक्टोरिया ही वनदेवता या लढाईत मरते, तिचे गॅरेटला दुःख आहे, आणि ते योग्यच आहे. पण नोकरांची गणती कोणी करीत नाही. त्यांना परत माणसात आणता येत नव्हते, असे कोणी म्हणेल. असेल. तरी त्यांची नावे तरी विचारावीत! 'माणूस मारला तर हरलास' म्हणणाऱ्या खेळाने हा एक हिशेब चुकविला, असे आमचे मत आहे. आम्ही हा भाग पाच-सहा वेळा खेळलो, आणि दर वेळी शेवटी तेथेच अडखळलो.

या भागाच्या नशिबी आणखी एक गोष्ट आली. तो मार्च २००० मध्ये बाजारात आला आणि २४ मे २००० रोजी लुकिंग ग्लासला टाळे लागले. पैसा संपला होता. ज्यांनी दोन वर्षांत असे दोन खेळ उभे केले ते कारागीर रस्त्यावर आले. त्यांच्यापैकी काही जण टेक्सासमधील ऑस्टिन येथे आयन स्टॉर्म नावाच्या दुसऱ्या कार्यशाळेत गेले, आणि तेथे तिसरा भाग झाला.

या तिसऱ्या भागाचे, म्हणजे 'डेडली शॅडोज'चे, दुखणे जागेचे आहे. तो एक्सबॉक्स या घरगुती यंत्रावरही चालावयाचा होता, आणि त्या यंत्राची स्मरणशक्ती बेताची. म्हणून वाडे आखूड झाले आणि एकेका घराचे दोन तुकडे होऊन मध्ये दार आले. दोराचा बाण गेला, त्याजागी भिंतीवर चढावयाचे हातमोजे आले. पोहणेही गेले. चोर आता हवा तर पाठीमागूनही दिसू लागला. यात फायदा एकच झाला, चोऱ्यांच्या मधल्या वेळात शहरात हिंडता येऊ लागले आणि चोरीचा माल विकण्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागले.

मात्र या भागात एक प्रकरण असे आहे की ज्यासाठी त्याचे शंभर अपराध पोटात घालावेत. शेलब्रिज क्रेडल ही एक जळालेली पडकी इमारत. ती आधी अनाथाश्रम होती, मग वेड्यांचे इस्पितळ झाली, आणि मध्ये काही काळ दोन्ही एकदमच होती. हे एवढे वाक्य कळले की अंगावर काटा येतो. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात एकही शत्रू नाही. फक्त आवाज. वरच्या मजल्यावर काही तरी हलते आहे, कोठे तरी धडधडते आहे. पहिल्या भागाने कानाला जी सवय लावली तिचाच हा पुरता सूड आहे. जॉर्डन थॉमस या कारागिराने हे प्रकरण रचले. आम्ही ते दिवसा खेळलो, दार उघडे ठेवून, हे कबूल करण्यात आम्हाला लाज वाटत नाही.

त्याचा शेवटही सुरेख. पहिल्या भागाच्या आरंभी भुकेला पोरगा गॅरेट रस्त्यात एका गूढ माणसाचा खिसा कापायला जातो आणि पकडला जातो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस एक लहान मुलगी गॅरेटच्या खिशात हात घालते आणि तो तिचा हात पकडतो. तीन भागांची ही गाठ येथे बसते, आणि खरे तर माला येथेच संपली. २००५ साली आयन स्टॉर्मलाही टाळे लागले.

चौथ्या भागावर आम्ही फार वेळ घालविणार नाही. तो कॅनडात, आयडॉस मॉन्ट्रियलमध्ये झाला. दिसायला देखणा आहे, चिखलपाण्यातला उजेड तर पाहत राहावा. पण दोराचा बाण परत आला तो फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणी मारावयाचा. उडीही जेथे खेळ म्हणेल तेथेच मारावयाची. एक कळ दाबली की घेण्याजोग्या वस्तू निळ्या चमकू लागतात. पहिल्या भागाने 'जेथे लाकूड तेथे वाट' म्हणून जो विश्वास टाकला होता, तो या भागाने काढून घेतला. न्यायाने बोलायचे तर ही चमक आणि असे बरेच लाड बंद करण्याची सोय त्यांनी ठेवली आहे, ती वाखाणण्याजोगी आहे. कथेत गरिबांचा उठाव आहे, साथ आहे, जुलमी सरदार आहे. पण उठाव चोराच्या मागे नाटकातल्या पडद्यासारखा जळत राहतो. ज्याने कधी मोर्चा काढला नाही त्याने लिहिलेला उठाव आहे तो.

आमचा खरा राग मात्र वेगळा आहे. पहिल्या तिन्ही भागांत गॅरेटचा आवाज स्टीफन रसेल या नटाचा. थकलेला, तिरकस, कोणावरही विश्वास न ठेवणारा तो आवाज म्हणजेच गॅरेट. दुसऱ्या भागातला कॅरसही त्याचाच, आणि तो इतका निराळा की ओळखू येऊ नये. चौथ्या भागात त्याला घेतले नाही. कारण असे दिले गेले की, आता आवाज आणि हालचाल एकाच माणसाकडून घ्यावयाची, तेव्हा उड्या मारू शकेल असा नट हवा. रोमानो ऑर्झारी या नटाने ते काम केले, आणि त्या बिचाऱ्यावर आमचा काही आक्षेप नाही. पण हे कारण आम्ही कितीदा ऐकले आहे! वीस वर्षे पहारा केलेल्या माणसाला एके दिवशी सांगतात, आता उंची मोजायची आहे, आता धावून दाखवा. जो माणूस चोराची चाहूल नुसत्या कानाने ओळखतो, त्याला धावण्यात नापास करतात. २०२५ साली 'लीगसी ऑफ शॅडो' या नावाचा नवा भाग जाहीर झाला, आणि त्यात रसेल यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. बातमी वाचली त्या दिवशी आम्ही कचेरीत पेढे वाटले. कशाबद्दल ते कोणाला सांगितले नाही.

ज्या मॉन्ट्रियलमध्ये चौथा भाग झाला, तेथून जानेवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णव माणसे कामावरून काढली गेली. २०२२ साली ती कार्यशाळा एम्ब्रेसर ग्रुप या कंपनीने विकत घेतली होती. चार भाग, तीन कार्यशाळा. त्यांतल्या दोन बंद, आणि तिसरीची ही गत.

मग हा खेळ जिवंत कोणी ठेवला? तर खेळणाऱ्यांनी. लुकिंग ग्लासने १९९९ साली आपली हत्यारे, म्हणजे प्रकरणे रचण्याचा संगणकीय सरंजाम, लोकांना दिला होता. त्यावर जगभरच्या हौशी लोकांनी आजवर शेकडो नव्या चोऱ्या रचल्या. २०१२ साली कोणा एका अनामिकाने जुन्या दोन भागांचे यंत्र असे दुरुस्त करून दिले की ते नव्या संगणकांवर सुरळीत चालू लागले. त्याने आपले नाव सांगितले नाही, पैसा घेतला नाही. २०२३ साली, पहिल्या भागाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, 'द ब्लॅक परेड' नावाची दहा प्रकरणांची मालाच अशा हौशी कारागिरांनी फुकट वाटली. ती आम्ही खेळलो, आणि ती मूळ भागांच्या पंक्तीला बसते. संघटनेचा माणूस म्हणून फुकट कामाविषयी आमचे मत काय आहे हे या गावाला ठाऊक आहे. येथे मात्र आमची जीभ जड होते. मालक नसलेल्या ठिकाणी वेतन मागावे कोणाकडे?

अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले आहेत, तेव्हा ज्यांना खेळावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आरंभ पहिल्या भागापासून करावा. चित्रे खडबडीत आहेत म्हणून नाक मुरडू नये. मढ्यांच्या भुयारात कंटाळा आला तर दम धरावा आणि दुसऱ्या भागाकडे जावे. तिसरा क्रेडलसाठी खेळावा. चौथा कोणी भेट दिला तर घ्यावा. हेडफोन मात्र बरा घ्यावा, स्वस्तातला नको. आणि पायरी तज्ज्ञाचीच निवडावी. बॅफर्डच्या फाटकाशी ते दोघे अस्वलांविषयी बोलत असतील, त्यांचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे आणि मगच बाजूच्या काळोखातून आत सरकावे.